हृदयाचा चुकलेला ताल

श्रोतेहो, आषाढीच्या वारींत श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आमच्या नातेपुत्यास मुक्कामाला असते. संध्याकाळच्या समाजआरतीच्या वेळीं चोपदार आपला चोप उंचावतो आणि हजारों टाळ-मृदंग एका क्षणांत स्तब्ध होतात. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती आपले टाळ वाजवीतच राहते. तीन वर्षांपूर्वीं याच मुक्कामीं माझ्या छातींत असाच एक टाळ वाजूं लागला, आणि तो थांबेना. गांवांतल्या डॉक्टरांनीं नाडीवर बोटें ठेवलीं, ईसीजी काढला व म्हणाले, "गुरुजी, नाडी नुसती जलद नाहीं, तिला तालच राहिला नाहीं."

या विकारास 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. निरोगी हृदयांत एकाच ठिकाणाहून, मिनिटाला साठ ते शंभर वेळां, विजेचा संकेत निघतो. या विकारांत वरचे दोन कप्पे मिनिटाला साडेतीनशेंहून अधिक वेळां नुसते थरथरत राहतात. तेथें रक्त सांचतें, त्याची गुठळी होते, आणि ती मेंदूंत गेली म्हणजे पक्षाघात होतो. त्याचा धोका या रोग्यांस इतरांच्या सुमारें पांचपट असतो.

१९९८ सालीं फ्रान्समधील बोर्दो येथील हायसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, हा गोंधळ सुरू करणारे संकेत बहुधा फुप्फुसांतून डाव्या कप्प्यांत येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या मुखाशीं उगम पावतात. तक्रारीची दिंडी सांपडली! तेव्हां जांघेतील शिरेंतून 'कॅथेटर' नांवाची बारीक नळी हृदयांत नेऊन, त्या मुखांभोंवतीं व्रणाचें कडें उमटवावयाचें, म्हणजे संकेत पलीकडे जात नाहींत. हेंच 'अ‍ॅब्लेशन'. हें कडें उष्णतेनें, अतिशीत फुग्यानें किंवा विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदांनीं उमटवितात.

मला औषधें लागू पडेनात, तेव्हां पुण्याच्या डॉक्टरांनीं हा उपाय सुचविला. मीं शिक्षकी संवयीनें दोन प्रश्न विचारले : गुण किती, आणि भय किती?

गुणाविषयीं सांगावयाचें तर, अधूनमधून उद्भवणाऱ्या विकारांत शंभरांपैकीं सुमारें सत्तर रोग्यांचा ताल वर्षभर टिकतो. कांहींना दुसऱ्यांदां उपचार करावा लागतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताल पुन्हां चुकला, तरी तें अपयश मानीत नाहींत. पण आयुष्य वाढतें काय? २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'कबाना' चांचणींत २२०४ रोगी होते. मृत्यु, पंगु करणारा पक्षाघात, गंभीर रक्तस्राव व हृदय बंद पडणें यांचें एकत्रित प्रमाण अ‍ॅब्लेशनच्या गटांत ८·० टक्के, तर औषधांच्या गटांत ९·२ टक्के आलें. हा फरक निर्णायक नव्हे. मात्र विकार उलटण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. हृदय दुर्बळ झालेल्या ३६३ रोग्यांच्या २०१८ च्या चांचणींत मात्र मृत्यु किंवा त्या दुर्बळतेमुळें रुग्णालयांत दाखल होणें ४४·६ वरून २८·५ टक्क्यांवर उतरलें.

भयाचेंही गणित मांडलें पाहिजे. सुमारें शंभरांत एकाच्या हृदयाभोंवतीं रक्त सांचतें. क्वचित् पक्षाघात होतो. अन्ननलिकेस छिद्र पडणें फारच विरळ, पण बहुधा प्राणघातक. विद्युत्स्पंदांच्या नव्या पद्धतींत अन्ननलिकेला इजा होण्याची भीति बरीच कमी दिसते. तथापि २०२३ सालीं ६०७ रोग्यांवर तिची जुन्या पद्धतींशीं तुलना केली, तेव्हां यश ७३·३ विरुद्ध ७१·३ टक्के, व गंभीर उपद्रव २·१ विरुद्ध १·५ टक्के आढळले. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारख्याच. अनुभवी हात येथें यंत्राइतकाच महत्त्वाचा.

आपल्या देशापुरती आणखी एक गोष्ट. येथें या विकाराचे अनेक रोगी लहानपणच्या संधिवाती तापानें झडप बिघडलेले असतात. त्यांनीं प्रथम झडपेचा विचार करावा. त्यांपैकीं ज्यांची झडप अरुंद झाली आहे, त्यांना रक्त पातळ ठेवण्यास जुनें वॉरफॅरिनच अधिक हितकर; २०२२ च्या एका मोठ्या चांचणीचा निष्कर्ष तसाच आहे.

मीं उपचार करून घेतला. ताल बहुतेक परत आला आहे. पण माझ्या एका सहकारी शिक्षकाची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अ‍ॅब्लेशननंतर बरें वाटूं लागलें, तेव्हां त्यांनीं रक्त पातळ ठेवणारी गोळी आपण होऊन सोडली. आठ महिन्यांनीं त्यांना पक्षाघात झाला. ज्यांचा आवाज चार वर्गांपलीकडे ऐकूं जाई, ते आज पाटीवर लिहून पाणी मागतात. ताल सुधारला, म्हणजे गुठळीचें भय गेलेंच असें नव्हे. वय, रक्तदाब, मधुमेह हीं पाहून गोळीचा निर्णय डॉक्टरांनीं करावयाचा असतो.

तेव्हां श्रोतेहो, आज निजण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या मनगटावर तीन बोटें ठेवा आणि एक मिनिट नाडी मोजा. ठोके किती, याबरोबरच ते सारख्या अंतरानें पडतात कीं नाहीं, हेंही पाहा. पडत नसतील, तर उद्यां सकाळींच डॉक्टरांकडे जा.