विचारलं म्हणजे अविश्वास नव्हे



पासवर्ड किती अक्षरी असावा, हे तुम्ही खूप वेळा ऐकलंय. आज मला विश्वासाबद्दल बोलायचंय. धंदा विश्वासावर चालतो, असं आपण सगळेच म्हणतो. पण व्यवहार पडद्यावर गेला, की समोर माणूस नसतो, सही दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. मग विश्वास ठेवायचा कशावर?

दोन गोष्टी सांगतो. दोन्ही बँकांच्या आणि दोन्ही जगजाहीर.

पहिली पुण्याची. ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी रुपयांहून जास्त रक्कम गेली. बनावट कार्डं घेऊन माणसं २८ देशांतल्या एटीएमसमोर उभी होती. एटीएममधून पैसे काढताना 'देऊ का?' असा प्रश्न बँकेकडे जातो. चोरांनी वाटेतच एक खोटी यंत्रणा उभी केली होती. ती बँकेच्या वतीनं परस्पर 'द्या' म्हणत होती. खऱ्या बँकेपर्यंत प्रश्न पोचतच नव्हता.

दुसरी गोष्ट बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेची, फेब्रुवारी २०१६ची. तिचे पैसे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत होते. चोरांनी तिच्या नावानं पैसे पाठवण्याचे आदेश दिले. बांगलादेशात शुक्रवारी सुट्टी, म्हणून वेळ निवडली गुरुवार रात्रीची. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोचले. पण श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर वाचले. तिथल्या संस्थेच्या नावात 'फाउंडेशन'चं स्पेलिंग 'फँडेशन' असं झालं होतं. मधल्या बँकेतल्या कुणाला तरी ते खटकलं आणि त्यांनी विचारलं, की हे बरोबर आहे ना?

म्हणजे भारी यंत्रणा असूनही तिथे शेवटी कामी आला तो एका माणसाचा साधा प्रश्न.

तुम्ही म्हणाल, या मोठ्या बँकांच्या गोष्टी. आमचा वीस माणसांचा कारखाना, आमच्याकडे कोण येणार? मी बडोद्यात राहतो आणि लहान कारखान्यांच्या संगणकांची सुरक्षा पाहतो. तिथला एक अनुभव सांगतो.

एका कारखान्याला नेहमीच्या माल पुरवणाऱ्याकडून मेल आला. 'आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळचे पैसे खालील खात्यात टाका.' बिल खरं, रक्कम खरी, भाषाही नेहमीची. फक्त मेलच्या पत्त्यात एक अक्षर जास्त होतं. हिशोब पाहणाऱ्या ताईंना खाते नंबर नवा दिसला, शंकाही आली. पण शेठ बाहेरगावी होते. आणि मागे एकदा असंच विचारलं, तेव्हा शेठ म्हणाले होते, "वीस वर्षांचा माणूस आहे तो, त्याच्यावर संशय घेतेस?" ताईंनी पैसे पाठवले. अकरा लाख रुपये.

पंधरा दिवसांनी पुरवठादाराचा फोन आला, "शेठ, पेमेंट राहिलंय." तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं. नुकसान कुणी सोसायचं यावर वाद झाला. शेवटी अर्धं अर्धं केलं. कामगारांचा पगार बारा दिवस लांबला. आणि वीस वर्षं उधारीवर मिळणारा माल आता रोख पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही. अकरा लाखांपेक्षा शेठना हेच जास्त लागलं.

आता यात सॉफ्टवेअर काय करणार? मेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, संगणक अपडेट ठेवा; ते तर हवंच. पण मी माझ्या ग्राहकांना आधी तीन गोष्टी करायला लावतो.

एक. कुणाचंही खातं बदललं, की फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर. एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं. ते नाव वाचा. पण ते वाचलं म्हणून फोन टाळू नका.

दोन. मोठी रक्कम एकानं भरायची, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची. अनेक बँकांच्या चालू खात्याला ही सोय असते. शेठनी गाडीतून फोनवर ओटीपी सांगून टाकणं म्हणजे मंजुरी नव्हे.

तीन, आणि हे सगळ्यात अवघड. विचारणाऱ्याला अभय द्या. सगळ्यांसमोर सांगा, "माझ्या नावानं आलेला निरोप असला तरी मला फोन करा. मी चिडणार नाही." आणि फोन आला की खरंच चिडू नका.

एवढं करूनही फसलात, तर लाजू नका. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला आणि आपल्या बँकेला कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. लवकर कळवलं तरच ते वाटेत गोठवता येतात. कंपन्यांसाठी तर सर्ट-इनचा एप्रिल २०२२चा आदेश आहे, की ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या. आणि ज्यांची माहिती गेली, त्या ग्राहकांनाही स्वतःहून सांगा. बाहेरून कळलं, तर ते पुन्हा तुमच्याकडे येणार नाहीत.

खरा व्यापारी खात्रीच्या फोननं रागावत नाही. त्याचे पैसे त्यालाच मिळावेत, म्हणूनच तर आपण विचारतो. घाई असते ती चोराला.

तेव्हा उद्या दुकान, कारखाना, ऑफिस उघडलंत, की एक काम करा. पैसे पाठवणाऱ्या तुमच्या माणसाला बोलवा आणि विचारा, "तुला शंका आली, तर मला विचारायची भीती वाटते का?" जे उत्तर येईल, तिथून सुरुवात करा.