कीटकभक्षी वनस्पतींच्या कुंडीतील वाळू

कीटकभक्षी वनस्पती केवळ किड्यांवर जगतात, हा समज अर्धाच खरा आहे. त्यांची हिरवी पाने इतर झाडांप्रमाणेच उन्हात स्वतःचे अन्न तयार करतात. किड्यांकडून त्या मिळवतात ती मुख्यतः नत्र आणि स्फुरद ही द्रव्ये, कारण ज्या जमिनीत त्या वाढतात तिथे ही द्रव्ये जवळजवळ नसतातच. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती उगवतात, त्या जांभ्याच्या कातळावरच्या उथळ, सतत ओल्या आणि निकस थरात. व्हीनस फ्लायट्रॅपचे मूळ घर अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीवर आहे. तिथली जमीनही ओलसर, आम्लधर्मी आणि वाळूमिश्रित. अशा वनस्पतींना बागेतली काळी माती आणि शेणखत घालणे म्हणजे त्यांना मारणेच होय.

म्हणूनच त्यांच्या कुंडीत बहुधा पीट मॉस आणि वाळू समभाग घेतात. या मिश्रणात वाळूने झाडाला काहीही द्यायचे नसते. नुसते पीट काही महिन्यांत दबते, आणि कुंडी कायम पाण्याच्या ताटलीत उभी असल्याने मुळांना हवा मिळेनाशी होते. कणांमधल्या फटी उघड्या ठेवायच्या आणि पाण्यात काहीही विरघळू द्यायचे नाही, एवढेच वाळूचे काम.

पहिली अट चुन्याची. चुनखडी, शिंपले किंवा संगमरवराचा चुरा वाळूत असेल तर तो आम्लधर्मी पीटमध्ये हळूहळू विरघळतो, मिश्रणाची आम्लता घटते आणि पाण्यातले क्षार वाढतात. रोप एका दिवसात मरत नाही. आधी नवी पाने लहान येतात, मग सापळे काळे पडतात, आणि तोवर दोष उन्हाला किंवा पाण्याला दिला जातो. या कामासाठी सर्वांत चांगली ती गारगोटीची, म्हणजे सिलिकाची वाळू. ती पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

दुसरी अट कणांच्या आकाराची. अर्धा ते दोन मिलिमीटरचे कण वाळू म्हणून आणि दोन ते पाच मिलिमीटरचे कण ग्रिट म्हणून चालतात. गिलाव्याची बारीक वाळू इथे निरुपयोगी ठरते, कारण ती पीटमधल्या उरल्यासुरल्या फटीही बुजवते आणि सुकल्यावर वर पापुद्रा धरते. मैद्याच्या चाळणीतून खाली पडेल ते सगळे टाकून द्यावे. चाळताना वाळू ओली असावी, कारण सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते.

दख्खनच्या पठारावर वाळू शोधणे त्यामुळे जरा किचकट होते. बांधकामाची क्रश सँड बहुतेक बेसाल्टची असते. तिच्यात दगडाची पूड पुष्कळ, शिवाय बेसाल्टच्या पोकळ्यांत साठलेले कॅल्साइट तिच्यात येऊ शकते. नदीच्या वाळूत काळ्या मातीतून वाहून आलेले चुनखडीचे खडे मिसळलेले असतात. समुद्राची वाळू तर पूर्णच बाद: मीठ धुऊन निघेल, शिंपल्यांचा चुरा निघणार नाही. मत्स्यालयाच्या दुकानातली पांढरी खडी दिसायला नेटकी, पण ती अनेकदा संगमरवराची निघते. त्यातल्या त्यात भरवशाची ती जलतरण तलावाच्या किंवा पाणी शुद्धीकरणाच्या फिल्टरसाठी विकली जाणारी सिलिका वाळू. ती धुतलेली आणि ठरावीक मापात चाळलेली असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, म्हणजे माल फार लांबून यावा लागतो असेही नाही.

विक्रेता काहीही सांगो, वाळू घरी तपासावी. चमचाभर कोरड्या वाळूवर पांढरा व्हिनेगर ओतून वाटी कानाशी धरावी. बुडबुडे दिसले किंवा बारीक चरचर ऐकू आली तर त्या वाळूत चुना आहे. डोलोमाइटसारखे खनिज मात्र व्हिनेगरला सावकाश दाद देते, म्हणून वाळू आधी खलात कुटून घेतली तर बरे. पुढची परीक्षा बरणीची: पाण्यात वाळू हलवून ठेवावी. पाणी मिनिटाभरात निवळले तर ठीक, तासभर गढूळ राहिले तर चिकणमाती आहे. शेवटी, धुतलेली वाळू डिस्टिल्ड पाण्यात दिवसभर भिजवून त्या पाण्यातले विरघळलेले क्षार टीडीएस मीटरने मोजावेत. या वनस्पतींना द्यायचे पाणी ५० पीपीएमच्या खालीच असावे लागते; नुसत्या वाळूनेच आकडा तिथवर जात असेल तर ती वाळू परत करावी.

खडीचा एक थर कुंडीच्या तळाशी घालण्याची पद्धत रोपवाटिकांतही दिसते. तिचा उद्देश निचरा हा, पण परिणाम उलटा होतो. बारीक कणांच्या थरातले पाणी तो पूर्ण भिजेपर्यंत खालच्या जाड खडीत उतरतच नाही, त्यामुळे चिखल मुळांच्या आणखी जवळ येतो. ग्रिट घालायचेच तर मिश्रणात कालवावे.

सर्व जातींना एकच माप लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियातील चिमुकल्या दवबिंदूंना वाळू जास्त लागते. मेघालयातील घटपर्णीला वाळूची गरजच नाही. तिला नारळाच्या सोडणाचे तुकडे, स्फॅग्नम शेवाळ आणि परलाइट यांचे मोकळे मिश्रण मानवते. मेक्सिकोतील पिंग्विक्युला हा खरा अपवाद, कारण त्यातल्या काही जाती चुनखडीच्या किंवा जिप्समच्या खडकांवरच वाढतात आणि थोडा चुना सहज सोसतात.

खात्रीची वाळू न मिळाल्यास तडजोड करू नये. तिच्याऐवजी तेवढेच परलाइट पाण्याने धुऊन वापरावे. ते हलके असल्याने वर तरंगून येते, एवढाच त्याचा त्रास आहे.