फिरून जागेवर येणारी ‘रेव्होल्यूशन’

‘रेव्होल्यूशन’ म्हटलं की आज सिंहासनं उलथलेली डोळ्यांपुढे येतात. पण हा शब्द इंग्रजीत आला तो ग्रहताऱ्यांच्या फेऱ्यांसाठी, म्हणजे फिरून मूळ जागी येण्यासाठी. कोपर्निकसच्या १५४३ सालच्या ग्रंथाच्या नावात तो आहे आणि तिथे बंड कुणाचंच नाही, आकाशातले गोल मुकाट्याने फिरताहेत. राजकारणातही हा अर्थ बराच काळ टिकला. इंग्लंडने १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद केला आणि १६६० मध्ये त्याच्याच मुलाला गादीवर आणलं. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जला यात सत्तेची एक पूर्ण फेरी दिसली: राजाकडून मधल्या काळात सत्तेवर आलेल्या क्रॉमवेल बापलेकांकडे, तिथून पुन्हा राजपुत्राकडे. १६८८ मध्ये राजा दुसरा जेम्स पळाला, तेव्हाही विजेत्यांनी दावा केला तो जुने हक्क राखल्याचा. नवं काही केलं असं म्हणणं तेव्हा बहुधा सोयीचंही नसावं!

कुणी म्हणेल, ‘मोठी उलथापालथ’ हा अर्थही तेव्हा होताच की. होता, पण तो दैवाच्या फेऱ्याजवळचा, माणसांनी ठरवून नवं राज्य रचण्याचा नव्हे. हा नवा अर्थ पक्का केला फ्रान्सने. राजेशाही संपवून तिथल्या लोकांनी १७९२ पासून नवी कालगणनाच मोजली, महिन्यांची नावंसुद्धा बदलली.