गिरणगावातले भाऊजी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सांडग्या-पापडांवर बोला म्हटले असते तर निभावले असते. पण विषय आहे ‘मुंबईतील आपली माणसे’, आणि मला माझे धाकटे दीर आठवले.

रहिमतपूरच्या स्टेशनावरून गिरणीत गेलेला गडी आपल्या घरोघरी होता. मामंजी लालबागला, एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने निजायचे. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि गिरणगाव पुन्हा सावरले नाही. मामंजी ट्रंक घेऊन परत आले. भाऊजी छापखान्यात लागले व तिकडेच राहिले.

लग्नाचा विषय निघाला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “वहिनी, माझे ज्याच्यावर मन आहे तो पुरुष आहे.” त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. मी त्यांना चार शब्द बोलले नाही, हे खरे. पण त्यांची पत्रे सासूबाईंच्या नजरेस पडू नयेत म्हणून पिठाच्या डब्यामागे लपवली, आणि उत्तर एकालाही दिले नाही. गंमत पाहा, यल्लमाचा जोगता दारी आला की आपण सुपातून जोगवा घालतो, पाया पडतो!

पत्रांतूनच मला कळत गेले. 1990 मध्ये अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ नावाचे मासिक काढले, 1994 मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभी राहिली. सांताक्रूझला वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत ही मंडळी जमत. भाऊजींनी लिहिले होते, “इथे खोटे नाव सांगावे लागत नाही.” ते वाक्य मी कितीदा वाचले असेन!

ज्या कायद्याने हे नाते गुन्हा ठरत होते तो 1860 चा, इंग्रजांचा. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातून सज्ञान माणसांच्या खुषीच्या नात्याला वगळले. विवाहाची मान्यता मात्र 2023 मध्ये नाकारली.

त्या सप्टेंबरात मी पहिले उत्तर लिहिले. तीस वर्षे उशिरा.

यंदा गौरीला भाऊजी येणार आहेत, त्यांच्यासोबत राहणारे गृहस्थही. दोघांची अंथरुणे माडीवर घालणार आहे. शेजारी सांगून ठेवले आहे. तुम्हालाही आज सांगितले. हळदीकुंकवाला याल तेव्हा चहा तेच करतील, आले जरा जास्त घालतात.