नारळीकरांची गोष्ट आणि क्वांटमचं मशीन

लोहाऱ्याच्या बचत गटांकडून आम्ही बोलतो आहोत. आजचा विषय आहे शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या एका गोष्टीतलं क्वांटम विज्ञान.

हा विषय का घेतला? गेल्या महिन्यात आमच्या बैठकीत एक विक्रेता मशीन घेऊन आला होता. हातात धातूची कांडी धरायची आणि पाच मिनिटांत साऱ्या शरीराचा रिपोर्ट घ्यायचा. सुई नाही, रक्त नाही. तपासणीचे पैसे वेगळे, औषधाच्या डब्यांचे वेगळे. हे कसं कळतं, असं एका काकूंनी विचारलं. तो म्हणाला, "हे क्वांटम आहे, तुम्हाला नाही समजणार." तेव्हा ठरवलं, आपण समजून घेऊ.

नारळीकर १९३८ साली कोल्हापुरात जन्मले. बनारस आणि केंब्रिजला शिकले. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यांनी उभी केली. मे २०२५ मध्ये ते गेले. मराठीत विज्ञानकथा त्यांनी घरोघरी पोचवल्या. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही त्यांतलीच एक. अपघातानंतर गंगाधरपंत अशा जगात पोचतात, जिथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली. त्या जगात ती चुकली.

इथे क्वांटम येतं. फेकलेला दगड कुठे पडेल, ते सांगता येतं. इलेक्ट्रॉन हा अतिसूक्ष्म कण मात्र नेमका कुठे सापडेल, हे आधी सांगता येत नाही. इथे सापडण्याची शक्यता किती, तिथे किती, एवढंच गणिताने कळतं. प्रत्येक शक्यतेचं वेगळं जग असेल, असा विचार १९५७ साली ह्यू एव्हरेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडला. अशी दुसरी जगं अजून कुणी पाहिलेली नाहीत. नारळीकरांनी त्या विचारावर गोष्ट रचली आणि ती गोष्ट म्हणूनच आपल्या हाती दिली.

क्वांटम खोटं नाही. प्रकाश अगदी लहान लहान पुड्यांसारखा येतो, हे त्यातलंच ज्ञान. सौर पंपाच्या पाटीवर या पुड्या आदळतात, इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वीज मिळते. एलईडी दिवा आणि मोबाइलही याच ज्ञानावर चालतात. पण कांडी धरून हिमोग्लोबिन कळत नाही. त्याला रक्ताचा थेंब लागतो. सिकलसेललाही लागतो. आपल्या भागात हे दोन्ही फार महत्त्वाचं आहे. रिपोर्ट चांगला आला म्हणून एखादी गरोदर बाई उपकेंद्रात गेलीच नाही, तर नुकसान पैशापुरतं राहत नाही.

मग पारखायचं कसं? तेही नारळीकरांकडूनच शिकू. १९७४ साली त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. नाव बघून नाही, कथा बघून निकाल लागावा म्हणून. तिला पहिलं बक्षीस मिळालं. २००८ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत ज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० कुंडल्या होत्या, नावं झाकलेली. कोणती कुंडली कुणाची, ते ज्योतिषांनी ओळखायचं होतं. निम्मी उत्तरंही बरोबर आली नाहीत. नाणं उडवलं असतं, तरी साधारण निम्मी आली असती.

आम्ही त्या विक्रेत्याला म्हटलं, एकाच बाईला दोनदा तपासा, दुसऱ्यांदा नाव आणि वय आम्ही बदलून सांगतो. त्याने मशीन पेटीत भरलं.

तुमच्या गावात असं मशीन आलं, तर हीच चाचणी मागा. तोवर गटाचा एक रुपयाही देऊ नका. रक्त तपासायला उपकेंद्रात जा. आणि पानिपतची ती गोष्ट वाचनालयातून आणून बैठकीत मोठ्याने वाचा. लेकीसुनांना फार आवडेल.