पन्नास किलोंची रेघ



मी पुण्यात ॲनिमेशन शिकते. यंदा माझं शेवटचं वर्ष आहे. शेवटच्या वर्षी आमच्याकडे प्रत्येकानं स्वतःची एक छोटी फिल्म करायची असते. माझी फिल्म एक मिनिट पन्नास सेकंदांची आहे. तिच्यात एक हमाल कांद्याची गोणी पाठीवर घेतो, फळीवरून ट्रकमध्ये चढतो, गोणी टाकतो आणि दुसरी घ्यायला परत येतो. गोष्ट एवढीच. ती करायला मला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी काय शिकले, ते आज सांगायचं आहे.

आधी थोडा हिशोब सांगते. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रं सरकतात. हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एकच चित्र दोनदा दाखवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं काढावी लागतात. माझी फिल्म ११० सेकंदांची, म्हणजे १३२० चित्रं. पात्र जिथे स्थिर उभं असतं तिथे काही चित्रं वाचतात. पण जी काढली आणि बाजूला ठेवली तीही धरली, तर आकडा दोन हजारांच्या पुढे जातो.

मी निफाड तालुक्यातली. आमच्या घरी कांदा पिकतो. कांदा काढायचा, चाळीत साठवायचा, भाव बरा दिसला की ट्रॉली भरून बाजार समितीत लिलावाला न्यायचा, हे मी लहानपणापासून पाहत आले. लिलाव झाला, वजन झालं, हिशोबाची पट्टी हातात आली की आमचा आणि त्या कांद्याचा संबंध संपायचा. पुढे तो गोणीत भरला जातो आणि कुणाच्या तरी पाठीवरून ट्रकमध्ये चढतो, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. पुण्यात आल्यावर एका पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेले. तिथे थप्पीवरून एकामागून एक गोण्या उतरवून घेणारी माणसं पाहिली आणि विषय मिळाला. एका गोणीत साधारण ५० किलो कांदा. तो घरचा असता, तर आमच्या सगळ्यांचे श्रम त्या पाठीवर असते, असं वाटलं.

विषय मिळाला, पण फिल्म मिळाली नव्हती.

ॲनिमेशनच्या पहिल्या वर्षी सगळ्यांना दोन गोष्टी काढायला लावतात. आधी उसळणारा चेंडू आणि मग अर्धी भरलेली पिठाची गोणी. गोणीचा हा सराव डिस्नेच्या स्टुडिओतून आला. गोणीला ना डोळे, ना हात, ना तोंड. तरी ती दमलेली, रुसलेली, आनंदलेली दिसली पाहिजे. त्या स्टुडिओत काम केलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्यात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. आम्हाला ती पाठ असतात. मलाही होती. त्यामुळे गोणी उचलणारा माणूस आपण सहज काढू, अशी माझी खात्री होती.

पहिली पेन्सिल टेस्ट, म्हणजे पेन्सिलीनं काढलेली कच्ची हालचाल, मी दहा चित्रांत केली. हमाल वाकतो, गोणी पाठीवर येते, तो चालू लागतो. आमच्या सरांनी ती दोनदा पाहिली आणि शांतपणे विचारलं, "गोणीत कांदे आहेत की कापूस?"

मी गोणी मोठी केली. कपाळावर आठ्या काढल्या, घामाचे थेंब काढले, दात-ओठ आवळलेले दाखवले. कापूस कापूसच राहिला. मग संगणकाकडून करून घ्यावं म्हणून सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोनच चित्रं दिली आणि मधली त्याला भरायला सांगितली. त्यानं क्षणात भरून दिली. पण प्रत्येक चित्रातलं अंतर सारखं होतं, आणि जी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच वेगानं वर जाते, तिला वजन नसतं. गोणी पाण्यावर तरंगल्यासारखी वर गेली.

त्या आठवड्यात मी काहीच काढलं नाही. सर म्हणाले, "कागद ठेव आणि बघायला जा."

मग मी रोज पहाटे मार्केट यार्डात जाऊ लागले. पहिले काही दिवस नुसती एका कडेला उभी राहायची. कामाच्या वेळी मध्ये येऊन चालत नाही. नंतर तिथल्या एका वयस्कर हमालमामांनी विचारलं, "काय बघतेस गं पोरी रोज?" मी सांगितलं. ते म्हणाले, "गोणी हातानं घेत नसतात. पायानं घेतात. पाय बघ."

मी पाय बघायला लागले आणि सगळं बदललं. मामा थप्पीला पाठ लावून उभे राहायचे. आधी पाय जमिनीवर जरा घासून जागा धरायचे. मग गुडघे थोडे वाकायचे, छाती भरायची आणि एक क्षण काहीच हलायचं नाही. मग हातातला आकडा मागे गोणीत रुतायचा आणि गोणी पाठीवर सरकायची. ती आली की अख्खं शरीर दोन-चार बोटं खाली जायचं. गुडघे तो भार घ्यायचे, मान पुढे जायची आणि त्यानंतर पहिलं पाऊल पडायचं. मोबाइलवरचं स्टॉपवॉच लावून मी हे पुन्हा पुन्हा मोजलं. गोणी पाठीवर यायला अर्धा सेकंदही लागत नव्हता. वेळ लागत होता तो तिच्या आधी आणि तिच्या नंतर.

मी दहा चित्रांत संपवलेली हालचाल आता तीस चित्रांची झाली. गोणी हलण्याआधी १४ चित्रं, ती पाठीवर सरकताना फक्त ५, आणि शरीर खाली जाऊन सावरताना ११. आठ्या पुसल्या, घाम पुसला. गोणी पहिल्याइतकीच ठेवली. या वेळी सरांनी काही विचारलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "आता पुढे जा."

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. चित्र काढताना आधीचं आणि पुढचं चित्र खाली फिकट दिसत राहतं. तिला 'ओनियन स्किन' म्हणतात, कांद्याचा पापुद्रा. पूर्वी ॲनिमेटर पातळ, अर्धपारदर्शक कागदांची चवड उजेडावर ठेवून काम करायचे, त्यावरून हे नाव आलं. कांदेवाल्याच्या घरची मुलगी मी. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चाळीत पायाखाली कुरकुरणारी सालं आठवली होती. या फिल्मच्या वेळी त्याचा अर्थ नीट कळला. आत्ताचं चित्र एकटं नसतं. आधी काय झालं आणि पुढे काय होणार, हे त्याच्या खाली दिसत असावं लागतं.

श्रोतेहो, एकेक चित्र जोडत राहण्याचा हा धीर आपल्याकडे नवा नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून त्याचं रोप वाढताना थोडं थोडं टिपलं. पडद्यावर ते रोप बघता बघता उगवून आलं. ती चित्रफीत पाहिल्यावर 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे उभे राहायला मदत झाली. पुढे त्यांनी आगकाड्या हलवून, एकेक चित्र घेत, 'आगकाड्यांची मौज' केली. आणि १९७४ साली विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' ही फिल्म केली, तिचं ॲनिमेशन भीमसेन यांचं. पारध्याच्या जाळ्यासकट सगळे पक्षी उडतात, ते दृश्य तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मी ते आता पुन्हा पाहिलं, ते एकाच गोष्टीसाठी. जाळं उचलायच्या आधी काय होतं, हे बघण्यासाठी.

प्रोजेक्ट एकट्याच्या नावावर असला तरी एकट्याचा नसतो. रंग भरायला माझ्या दोन मैत्रिणी रात्री जागल्या. आवाजाचं काम वर्गातल्या एका मित्रानं केलं. ट्रकच्या फळ्यांवर गोणी पडतानाचा धप्प आवाज आम्ही यार्डातच रेकॉर्ड केला. पहिल्या जोडणीत तो आवाज चित्राच्या दोन फ्रेम आधी आला. दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. तेवढ्यानं गोणी पुन्हा हलकी झाली. आवाज जागेवर बसवला आणि वजन परत आलं.

एक दृश्य काढून टाकावं लागलं, तेही सांगते. यार्डाच्या पत्र्यांवर सूर्य उगवतो आणि कबुतरं उडतात, असा आठ सेकंदांचा शॉट होता. ९६ चित्रं होती आणि त्या फिल्ममधली सगळ्यात देखणी चित्रं तीच होती. पण कबुतरं उडाली की बघणारा त्यांच्यामागे जायचा आणि हमालाच्या पाठीवरचा भार विसरायचा. तीन दिवस मन तयार होत नव्हतं. चौथ्या दिवशी मी तो शॉट काढला. त्या जागी हमाल गोणी टाकल्यावर सरळ होतो, तेवढंच ठेवलं. यार्डात मी पाहिलं होतं की गोणी पाठीवरून गेली तरी शरीर लगेच सरळ होत नाही. काही क्षण ते वाकलेलंच राहतं, भार अजून असल्यासारखं. मग हळूहळू पाठ उघडते. त्या सरळ होण्याला मी १८ चित्रं दिली, दीड सेकंद. पन्नास किलो म्हणजे किती, ते मला त्या दीड सेकंदात सगळ्यात जास्त दिसतं.

फिल्म जमा करायला पाच दिवस राहिले असताना मी लॅपटॉप घेऊन यार्डात गेले. दुपारची वेळ होती, काम थांबलं होतं. मामा आणि त्यांचे दोन सोबती थप्पीपाशी बसले. मी फिल्म लावली. गोणी पाठीवर यायच्या क्षणाला मामांनी स्वतःच श्वास भरला आणि त्यांचा खांदा किंचित खाली गेला. त्यांचं लक्षही नव्हतं. माझं सगळं लक्ष तिकडेच होतं. सात महिने मी ज्याची वाट पाहत होते, ते हेच.

त्यांनी फिल्म तीनदा पाहिली. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे चुकलं पोरी. फळीवर टाच नसते टेकत आधी. आधी बोटं."

मी चालण्याची चित्रं पुस्तकात असतात तशी काढली होती. सपाट जमिनीवर माणूस चालतो, तेव्हा आधी टाच टेकते. पण पाठीवर पन्नास किलो घेऊन चढत्या फळीवर जाणारा माणूस आधी बोटांनी फळी धरतो, हे मी इतक्या पहाटे तिथे उभी राहूनही पाहिलं नव्हतं. मामा उठले, त्यांनी चप्पल काढली, फळीवर चढले आणि माझ्यासाठी सावकाश चालून दाखवलं. एकदा रिकामे, एकदा गोणी घेऊन.

तो शॉट सहा सेकंदांचा आहे. घरी येऊन मी त्याची ७२ चित्रं बाजूला ठेवली आणि पहिल्या चित्रापासून पुन्हा सुरुवात केली. फिल्म वेळेत जमा झाली. तिच्यात आता आधी बोटं टेकतात.