शाळेंतील खेळाचा तास

(पुणें शहरीं पालकांच्या बैठकींत केलेलें भाषण)



आम्ही खेड्यांतले मास्तर. खेळाचा तास घेतला कीं पालक विचारतात, "पोर घरीं पाणी वाहतें, शेण काढतें, त्याला आणखी धांवायला कशाला लावतां, मास्तर?" प्रश्न रास्त आहे. पण एकाच कडेवर घागर वाहणारी मुलगी एका अंगाला झुकते, दिवसभर वांकून रांपी धरणाऱ्याची छाती दबते. कामानें अंग शिणतें, खेळानें मोकळें होतें. मात्र उपाशी पोराला आम्ही पळवीत नाहीं.

याच पुण्यांत जोतीराव लहुजीबुवांपाशीं दांडपट्टा शिकले आणि १८४८ सालीं येथेंच त्यांनीं मुलींची शाळा काढली. तालीम व शाळा यांचें वैर त्यांस ठाऊक नव्हतें.

खोखोचे नियमही १९१४ सालीं येथेंच, डेक्कन जिमखान्यांत बांधले गेले. खर्च काय तो दोन खांबांचा! त्यांतला एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावूनच खो द्यावा लागतो. आमच्या शाळेंत एक मुलगा एका गड्याला लांबूनच 'खो' म्हणे. कारण सर्वांस ठाऊक होतें. आम्ही शिटी वाजविली, "हात लागला नाहीं, खो नाहीं." तिसऱ्या वेळीं हात लागला. संध्याकाळीं त्याचे वडील रागानें दारीं आले. आम्ही त्यांपुढें नियमांचें पुस्तक ठेविलें.

मुलगा अजून खेळतो आहे. मुलींनाही आम्ही त्याच रांगेंत बसवितों. तुमच्या शाळेच्या पटांगणांत कोणीं गाड्या सोडल्या असतील, तर तेवढ्या हलवा.